नववीतल्या मुलीचं ताट

किशोरवयीन मुलींच्या रक्तक्षयासाठी गेल्या पन्नासेक वर्षांत आपण जे केलं, त्यात बहुतेक इतिहास गोळीचा आहे. ताटाचा इतिहास फारसा कुणी लिहिलेला नाही. संपादकांनी आढावा मागितला तेव्हाच मी सांगून टाकलं, की मी लिहीन ते ताटाच्या बाजूनं. गोळीच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे परिपत्रकं आहेत, रकाने आहेत, दरमहा वर जाणारे अहवाल आहेत. ताटाकडे आहेत फक्त आया, आज्या आणि माझ्यासारखे निवृत्त डॉक्टर.

या विषयाची सुरुवातही खरं तर ताटापासूनच झाली, आणि ती आपल्याच राज्यात. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या गरोदर बायांना एक जबर पंडुरोग होत होता आणि त्यात अनेक जणी दगावत होत्या. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले. ते सापडेनात, तेव्हा त्यांनी त्या बाया काय खातात हे बघितलं. सगळ्यांत वाईट अवस्था होती ती गरीब, पडद्यातल्या मुसलमान बायांची. त्यांच्या ताटात भाजी, फळ, दूध जवळजवळ नव्हतंच. तेच अन्न त्यांनी उंदरांना घातलं, मग माकडांवर प्रयोग केले. शेवटी मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बाया बऱ्या होतात हे त्यांनी दाखवून दिलं. १९३१ साली हे प्रसिद्ध झालं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढचं फोलिक ॲसिड. आज शाळेत वाटल्या जाणाऱ्या निळ्या गोळीत लोहाच्या जोडीला जे फोलिक ॲसिड असतं, त्याचं मूळ मुंबईतल्या गरीब बायांच्या ताटाच्या चौकशीत आहे. हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगत आले. चौकशी आधी, औषध नंतर.

त्यापुढची चाळीस वर्षं मी एका वाक्यात उरकते. १९७० साली रक्तक्षयाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी, आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी त्यात कुठेच नव्हती.

त्या काळात मी स्वतःच त्या वयाची होते. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात विहिरींनी तळ गाठला, जोंधळा दिसेना, आणि परदेशातून आलेली लाल मिलो रेशनवर मिळू लागली. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं, खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, आणि तिथं वाटली जाणारी सुकडी माझ्या पिढीला कधी विसरता येणार नाही. सुकडी ओंजळीत घेऊन मुली आधी धाकट्या भावाला द्यायच्या. घरात कुणी त्यांना तसं शिकवलं नव्हतं, त्या बघून शिकल्या होत्या. पुढे सरकारी नोकरीत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांत काम करताना घराघरात हाच क्रम दिसत राहिला. आधी पुरुष, मग मुलगे, मग सासू, आणि शेवटी आई आणि मुलगी मिळून तव्याजवळ उरलेलं. दुष्काळ हटला तरी क्रम हटला नाही.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे रक्त मोजायला साहलीची काचनळी होती. बोटाला सुई टोचायची, वीस घनमिलिमीटर रक्त चोषकानं ओढायचं, ते पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचं आणि थांबायचं. रक्ताचा रंग बदलून गडद तपकिरी होतो. मग थेंबथेंब पाणी घालत तो रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा, तोही खिडकीच्या उजेडात, कारण दिव्याखाली फसगत व्हायची. मुली ते बघायला गर्दी करायच्या. आपलं रक्त तपकिरी होतं आणि मग फिकं फिकं होत जातं, हे बघून त्या स्वतःहून विचारायच्या, ‘बाई, माझं लवकर जुळलं, म्हणजे कमी हाय का?’ आज बोटाच्या थेंबावर यंत्र आकडा दाखवतं. ते काचनळीपेक्षा अचूक आहे, झटपट आहे, आणि ते यायलाच हवं होतं. पण तो आकडा कागदावर लिहिला जातो आणि मुलीला सांगितलाच जात नाही, हे मी अनेक शिबिरांत पाहिलं आहे.

साहलीच्याही आधी आमचं खरं यंत्र होतं खालची पापणी, जीभ, नखं आणि एक प्रश्न. तो प्रश्न मी कधीच सोडला नाही. ‘चोरून काय खातेस?’ मुलगी खाली बघायची. मग मैत्रीण सांगायची, ‘ती पेन्सिल खाते.’ पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीचे पोपडे, कच्चे तांदूळ, मडक्याचा तुकडा, पहिल्या पावसानंतरची माती. शिक्षक याला वाईट खोड म्हणायचे आणि छडी दाखवायचे. शरीरात लोह कमी झालं की अशी ओढ लागते. एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गातल्या बाकांखाली चावलेल्या पेन्सिलींचे तुकडे पडलेले मी पाहिले, आणि तिथं रक्त तपासायच्या आधीच निष्कर्ष कळला होता. आशा स्वयंसेविकांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न पहिल्या पानावर असावा, असं माझं आजही म्हणणं आहे.

मुलगी सरकारी कागदावर आली ती फार उशिरा. २००० साली किशोरी शक्ती योजना आली. युनिसेफच्या मदतीनं साप्ताहिक गोळीचे प्रयोग झाले. त्यात नाशिक जिल्ह्यातलं काम मोलाचं होतं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मंडळींनी त्याचा अभ्यास केला आणि २००८ साली प्रसिद्ध केला. शहरी, ग्रामीण आणि आदिवासी मुलींमध्ये आठवड्याला एक गोळी दिल्यावर रक्तक्षयाचं प्रमाण ६५.३ टक्क्यांवरून ५४.३ टक्क्यांवर आलं. गोळीवाले हा आकडा अभिमानानं सांगतात, आणि सांगावाच. मी त्याच आकड्याकडे बोट दाखवून विचारत आले, की गोळी नीट पोचल्यावरही निम्म्याहून अधिक मुली तशाच राहिल्या, त्यांचं काय?

२०१० साली सबला ही किशोरींसाठीची योजना आली. ती राज्यातल्या ११ जिल्ह्यांत होती, आमचा जिल्हा त्यात नव्हता. २०१३च्या सुमारास साप्ताहिक गोळीचा कार्यक्रम देशभर शाळांत गेला. २०१५पासून जंतनाशक दिवस सुरू झाला, तो मात्र मला मनापासून आवडलेला कार्यक्रम, कारण अनवाणी शेतात जाणाऱ्या मुलीच्या आतड्यातला आकडेकृमी तिचं रक्त रोज पितो आणि अल्बेंडाझोलची एक गोळी त्याचा बंदोबस्त करते. २०१८ साली ॲनिमियामुक्त भारत आलं. गोळीतलं लोह १०० मिलिग्रॅमवरून ६० वर आलं, तिचा रंग निळाच राहिला. सबलाची जागा घेणारी पोषण योजना पुढे १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी केली गेली, पण महाराष्ट्रात ती फक्त आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांपुरती: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. वैजापूरच्या मुलीला दुसऱ्यांदा वगळलं गेलं.

इतकं सगळं होऊन काय झालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या जवळपास निम्म्या मुलींना रक्तक्षय होता. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, ते प्रमाण ५७ टक्क्यांच्या पुढे गेलं. देशाचं प्रमाण ५९ टक्के. ज्या काळात सर्वांत जास्त गोळ्या वाटल्या त्याच काळात आकडा चढला.

यावर एक पंडित वर्ग म्हणतो, की हा आकडाच फुगलेला आहे, बोटाच्या थेंबातून मोजल्यामुळे तो जास्त दिसतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०१६ ते १८ मधल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतून रक्त घेतलं गेलं आणि १० ते १९ वयाच्या सुमारे ४० टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. वयोगट वेगळा आहे, पद्धत वेगळी आहे, हे मान्य. पण ज्या मुलीला जिना चढताना धाप लागते, तिला ४० आणि ५९ मधला वाद ऐकवून काय उपयोग? दहातल्या चार मुली आजारी असल्या तरी ती आणीबाणीच आहे. मुलग्यांमध्ये हेच प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होतं. एकाच घरात, एकाच चुलीवर शिजलेल्या अन्नावर वाढलेल्या भावाबहिणीत दुपटीहून जास्त फरक पडतो. पाळी हे त्याचं एक कारण आहे, पण एकमेव नाही.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. किशोरवयीनांच्या रक्तक्षयात निव्वळ लोहाच्या कमतरतेचा वाटा सुमारे एक पंचमांशच निघाला. फोलेट आणि बी-१२ यांची कमतरता त्याहून थोडी अधिक, बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र. बी-१२च्या बाबतीत पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी किती वर्षं कानीकपाळी ओरडत आहेत! पुण्याजवळच्या गावांत त्यांनी किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देऊन पुढच्या पिढीपर्यंत पाठपुरावा केला. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. निळ्या गोळीत ते नाही. मग गोळी खाऊनही मुलगी फिकट राहिली, तर ‘गोळी फेकून दिली असेल’ म्हणून तिच्यावर आरोप का?

आता ज्या दोन गोष्टींसाठी मी आयुष्यभर भांडले, त्यांच्याकडे येते.

पहिली पाचोडची. पैठण तालुक्यातल्या या गावात डॉ. अशोक दयालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे. जामखेडच्या आरोळे दांपत्यानं १९७०पासून गावातल्या बाईच्या हाती आरोग्य देऊन जी वाट घातली, त्या वाटेनं आपल्या भागात जाणाऱ्यांत पाचोड पुढे होतं. त्यांनी अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्याचा वर्षभराचा वर्ग चालवला. शेतातली कामं उरकली की संध्याकाळी रोज एक तास, गावातल्याच शिकलेल्या बाईनं घ्यायचा, असे २२५ तास. त्यात पाळी, आहार, रक्त, बँकेचा फॉर्म, पंचायत, सगळं होतं. परिणाम असा, की त्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष म्हणजे काय मोठंसं, असं मुंबईतल्या एका चर्चासत्रात एक गृहस्थ म्हणाले होते. सोळाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी सतराव्या वर्षी गरोदर होते, आणि तिच्या अंगातलं लोह तिची स्वतःची उंची वाढायची थांबायच्या आत दुसऱ्या जिवाकडे जायला लागतं. त्या एका वर्षात तिची हाडं भरतात, रक्त भरतं, दहावी होते. रक्तक्षयावरचा सर्वांत मोठा उपाय मला कुणी विचारला तर मी लग्नाचं वय सांगते. पाचव्या पाहणीत बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के तरुण स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याची सरासरी २१.९. ऊसतोडीला जाणारं जोडपं हवं म्हणून, मुलीला गावात एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर म्हणून, ही लग्नं होतात. ऊसतोडीचा कोयता आणि मुलीचं हिमोग्लोबिन यांचा संबंध जोडायला रक्ताची बाटली लागत नाही.

आमच्याच छत्रपती संभाजीनगर शहराला आणखी एक मान मिळाला होता. २००५ साली राज्याचं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, त्याचं मुख्यालय इथं होतं. विभागीय आयुक्त असताना मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध काम उभं केलेले व्ही. रमणी त्याचे पहिले प्रमुख. पुढच्या सात वर्षांत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण सुमारे ३९ टक्क्यांवरून २३-२४ टक्क्यांपर्यंत खाली आलं, आणि त्याचा अभ्यास करायला परदेशातली माणसं आली. माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे, की ते बळ त्या बाळाच्या मोठ्या बहिणीपर्यंत न्यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट बाजरीची. इथं वाचकांनी मला थोडी मोकळीक द्यावी.

वैजापूर, गंगापूर, कन्नड हा बाजरीचा पट्टा. हलक्या जमिनीत, बेभरवशाच्या पावसात येणारं हे पीक. साध्या बाजरीतही शंभर ग्रॅमला सहा-साडेसहा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे गव्हापेक्षा जास्त आणि पॉलिश केलेल्या तांदळाच्या कितीतरी पट. तेरा ते पंधरा वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं, पुढच्या तीन वर्षांत ३२. घरातल्या प्रौढ पुरुषाला १९ पुरतं. म्हणजे सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवणाऱ्याची गरज घरात सर्वांत मोठी.

आता ऐका. या शहराच्या पैठण रस्त्यावर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथं बाजरीची एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ ही जास्त लोहाची संकरित वाणं तयार झाली. पहिल्यात किलोला ७३ मिलिग्रॅम लोह, दुसऱ्यात ९१. त्याआधी इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून धनशक्ती हे वाण आणलं होतं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात वसतिगृहांतल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींवर त्याचा प्रयोग झाला. सुरुवातीला दहातल्या चौघांमध्ये लोहाची कमतरता होती. निम्म्यांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी, निम्म्यांना साध्या बाजरीची, दोन वेळा. चार महिन्यांत शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात कमतरता होती, त्यांची ती दूर होण्याची शक्यता सहा महिन्यांअखेर दीडपटीहून जास्त होती. याच प्रयोगातल्या मुलांची स्मृती आणि लक्ष देण्याची क्षमताही सुधारल्याचं पुढे दिसलं. तिकडे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना अशाच बाजरीचे पदार्थ दिले, तेव्हा शोषलं गेलेलं लोह साध्या बाजरीच्या जवळजवळ तिप्पट भरलं.

भाकरी, दोन वेळा. कुणाला गोळी गिळायला लावायची नाही, मळमळ नाही, शाळेत चक्कर आल्याच्या अफवा नाहीत. दीडशे ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत, वाण चांगलं असेल तर, तेरा-चौदा मिलिग्रॅम लोह येतं. बाजरीतल्या फायटेटमुळे ते सगळं अंगी लागत नाही, हे खरं. म्हणून तर ठेचा! म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेनं दाखवून दिलं आहे, की लसूण आणि कांदा बरोबर असला तर धान्यातलं लोह जास्त उपलब्ध होतं. वर लिंबू पिळलं तर आणखी. भाकरी, लसणाचा ठेचा, फोडलेला कांदा, मठाची किंवा करडईची भाजी, हरभऱ्याचं घोळाणं, कारळाची चटणी. हे जेवण आमच्या आज्यांनी प्रयोगशाळेशिवाय जमवलं होतं. फक्त जेवणाबरोबर आणि लगेच नंतरचा चहा थांबवावा, तो लोह अडवतो. एवढी एक गोष्ट मी प्रत्येक घरात हात जोडून सांगितली.

मग बाजरी ताटातून गेली का? गेली, आणि त्याला बायांचा आळस कारण नाही, जे आमचे काही आहारतज्ज्ञ भाषणांत सुचवतात. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त, त्यामुळे ते आठवड्याभरात कडवट होतं. दर चार दिवसांनी दळण आणायचं. पीठ गरम पाण्यात मळायचं, परातीत हाताच्या तळव्यानं फिरवत थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग थेट जाळावर फुगवायची. सात-आठ माणसांच्या घरात हा तासाचा खेळ आहे, आणि तो बहुतेक वेळा त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्याच हाती असतो. रेशनवर येतो गहू आणि तांदूळ. सिल्लोड-कन्नडकडे बाजरीच्या रानात मका आला, बाकी ठिकाणी कापूस. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३पासून धान्याऐवजी खात्यावर रोख रक्कम मिळते. रोख रकमेतून मुलीच्या वाट्याला काय येतं, हे ज्यांनी गावात काम केलंय त्यांना विचारा.

तांदळात कृत्रिम लोह मिसळून तो सरकारी योजनांतून देण्याचा कार्यक्रम २०२१पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. त्याच्या समर्थकांशी माझा जाहीर वाद झाला आहे. जिथं भात हे मुख्य अन्न आहे तिथं तो वाद वेगळा. पण ज्या जिल्ह्यात भाकरी खाल्ली जाते आणि जिथं जास्त लोहाची बाजरी प्रत्यक्ष तयार होते, तिथं ती बाजरी खरेदी करून रेशनवर आणि शाळेत देणं सोडून बाहेरून आलेल्या तांदळावर भर देणं मला पटलेलं नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. शहरात महोत्सव झाले, बाजरीचे केक झाले. आमच्या गावांतल्या रेशन दुकानात बाजरीचा दाणा नियमित आला नाही.

आता आमच्या शहरातल्या छावणीच्या बाजाराबद्दल थोडं, कारण मी इथेच राहते. गुरुवारी आठवडी बाजार भरतो, पडेगाव-मिटमिट्यापासून माणसं येतात. भाजीच्या रांगेपलीकडे सुकट, बोंबील, जवळा विकणाऱ्या बाया बसतात. त्याच्या पुढे मटणाची दुकानं. तिथं काळीज, वजडी, मुंडी मिळते, मटणापेक्षा स्वस्त. लोहाचा, बी-१२चा आणि फोलेटचा काळजाहून चांगला साठा निसर्गानं दुसरीकडे क्वचितच ठेवला आहे. मांसातलं लोह अंगी लागण्याचं प्रमाण धान्यातल्या लोहापेक्षा कितीतरी जास्त. तरीही रुग्णालयांच्या भिंतींवरच्या आहाराच्या तक्त्यांत मला काळीज आणि सुकट लिहिलेली फार क्वचित दिसली. तिथं बीट, डाळिंब, खजूर, सफरचंद. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा समज कुणी पसरवला कुणास ठाऊक. वीस रुपयांच्या सुकटीत जे मिळतं ते दोनशे रुपयांच्या डाळिंबात मिळत नाही. ज्या समाजांनी हे अन्न पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं त्यांच्या स्वयंपाकाकडे आपण तुच्छतेनं पाहिलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं, तेव्हा मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकघराची नोंद पहिल्यांदा इतक्या तपशीलानं झाली. आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते वाचायलाच हवं. जी घरं शाकाहारी आहेत त्यांना दूध, ताक, मटकी, हुलगे, तीळ सांगावेत. पण जी मुलगी काळीज खाऊ शकते तिला सफरचंद सांगणं हा तिच्या खिशावर आणि रक्तावर दोन्हीकडून अन्याय आहे.

हल्लीच्या मुलींच्या दप्तरात मला पाच रुपयांचा चटपटीत पुडा दिसतो. सकाळी सहाला उठून, पाणी भरून, भाकऱ्या थापून, उपाशीपोटी चहा पिऊन एसटीनं शाळेला जाणाऱ्या मुलीनं तो पुडा घेतला, तर तिला दोष देणार नाही. दोष द्यायचा तर व्यवस्थेतल्या एका फटीला.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे. मुलगी नववीत जाते आणि दुपारचं गरम जेवण थांबतं. तेव्हा तिचं वय चौदा. पाळी नुकतीच स्थिरावते आहे, उंची वाढते आहे, लोहाची गरज आयुष्यातल्या सर्वांत वरच्या टप्प्याकडे चालली आहे, शाळा लांबच्या गावाला गेली आहे, घरी लग्नाचं बोलणं सुरू झालं आहे. नेमक्या त्याच वर्षी ताट काढून घेतलं जातं आणि त्या जागी आठवड्याला एक निळी गोळी ठेवली जाते. आठवीपर्यंतच्या जेवणातही २०२३च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं आलं होतं. जानेवारी २०२५मध्ये राज्यानं त्याचा निधी थांबवला आणि शाळांना लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. ज्या गावात शाळेच्या छपराला वर्गणी जमत नाही तिथं अंड्याला कोण देणार?

हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. कर्नाटकात शाळेचं जेवण दहावीपर्यंत आहे आणि २०२३पासून अंडंही दहावीपर्यंत गेलं. तमिळनाडूतही दहावीपर्यंत जेवण आहे. बिदर जिल्ह्यातली नववीतली मुलगी शाळेत जेवते. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या उदगीर तालुक्यातली मुलगी जेवत नाही. दोघींच्या घरी बहुधा एकाच पद्धतीची भाकरी थापली जाते.

मी गोळीच्या विरोधात नाही, हे शेवटी पुन्हा सांगते, कारण माझ्या नावावर तसं खपवलं गेलं आहे. हिमोग्लोबिन आठाच्या खाली असेल तर भाकरी पुरत नाही, दवाखानाच लागतो. अकराच्या आसपास असेल तरी गोळी द्यावी, जेवल्यावर द्यावी, शौचाचा रंग काळा होईल हे आधी सांगावं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावं. जंतनाशक चुकवू नये. पाळीत अंगावरून फार जातं का, हे आईनं मुलीला विचारावं. हे सगळं हवं. पण गोळी भरून काढते ती तूट, आणि तूट रोज पडते ती ताटात.

वाचकांपैकी जे शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, शिक्षक आहेत, त्यांना माझी विनंती आहे. या वर्षीच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: शालेय पोषण आहार दहावीपर्यंत न्यावा, त्यात आठवड्यातून किमान दोन दिवस स्थानिक बाजरीची भाकरी असावी आणि अंडं शासनाच्या खर्चानं परत यावं. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि आपल्या आमदारांना पाठवा. आणि ठराव मंजूर होईपर्यंत आपापल्या घरात मुलीला पहिल्या पंगतीला बसवा.